घासागणिक पाणी

आमच्या अहमदपूर परिसरात ज्वारीची भाकरी हाच जेवणाचा कणा. काही वर्षांपूर्वी सत्तरीकडे झुकलेले एक शेतकरी दवाखान्यात आले. "डाक्टरसाहेब, भाकरी छातीत अडकल्यावानी होतीया," एवढीच तक्रार. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी ते परतले तेव्हा अंगावरचा सदरा सैल झाला होता. सूनबाई सहज बोलून गेल्या, "मामा आता भाकरी दुधात कुस्करूनच खातात." दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. नळी बसवल्यावर त्यांना गिळता येऊ लागले. परंतु आजार मागे फिरवण्याची वेळ टळून गेली होती. पहिल्याच भेटीत 'काय जेवता, कसे जेवता' हे मी विचारले नाही, याची खंत आजही आहे.

अन्ननलिकेच्या अस्तरातील पेशी झिजतात आणि नव्या तयार होतात. या वाढीवर काही प्रथिने पहारा देतात. त्यांपैकी 'पी-५३' हे १९७९ मध्ये सापडले. प्रारंभी संशोधकांनी त्याला कर्करोग वाढवणारे मानले. ते रोखणारे आहे, हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले. पेशीतील जनुकीय द्रव्यास इजा झाली, की हा जागल्या तिचे विभाजन थांबवतो. दुरुस्ती झाली तर ठीक. अन्यथा त्या पेशीला नष्ट होण्यास भाग पाडतो. तंबाखूतील विषारी द्रव्ये जनुकांना इजा करतात आणि त्यात या जागल्याचे जनुकही बिघडू शकते. अन्ननलिकेच्या नेहमी आढळणाऱ्या कर्करोगात बहुतेक वेळा ते बिघडलेलेच असते. मग पेशींच्या वाढीला धरबंध उरत नाही.

अन्ननलिका लवचिक असते. त्यामुळे घास अडू लागतो, तोवर आतली वाट बरीच अरुंद झालेली असते. वडीलधारी मंडळी तक्रार न करता जेवणच बदलतात : भाकरीऐवजी वरणभात, पुढे नुसती पेज. म्हणून घरातल्यांनी ताटाकडे लक्ष द्यावे. घासागणिक पाणी लागणे, जेवण लांबणे, वजन घटणे, आवाज बसणे यांपैकी काही दिसले, तर वाट न पाहता दुर्बिणीच्या तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे.

"आता या वयात तंबाखू, मिश्री सोडून काय उपयोग?" असे अनेक जण विचारतात. उपयोग आहे. रोजची नवी इजा थांबते आणि शाबूत असलेल्या जागल्यांना आपले काम करता येते.