बाळंतपण आटोपलं, आता सहा दिवस माझे!

मैत्रिणींनो, आजकाल आपल्यातल्या कितीतरी जणी लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी परदेशी जाऊन येतात. परत आल्या की आपण हौसेनं विचारतो, "काय काय पाहिलंत?" आणि उत्तर ठरलेलं. "कसलं काय हो! डिंकाचे लाडू, शेक-शेगडी आणि बाळाची दुपटी. निघायच्या आधीच्या रविवारी जावई एका तळ्यावर घेऊन गेले, तेवढंच."

मीही हेच सांगितलं असतं. माझी लेक म्युनिकला असते. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आगगाड्या दिसतात. दोन महिने मी तिथं उभी राहून अळीव भिजवत होते आणि त्या गाड्या बघत होते. एकदा सहज विचारलं, "ही कुठं जाते गं?" तर म्हणाली, "इटलीला." जशी आपल्याकडची कोल्हापूरला जाते तशी! त्या रात्री मला झोप आली नाही.

दोन दिवसांनी मी विषय काढला. लेक म्हणाली, "आई, तू एकटी? इटालियन येतं का तुला?" साताऱ्याहून हे फोनवर म्हणाले, "अगं, इथं पुण्याला जातेस तरी पोचल्यावर चारदा फोन करतेस." खरंच होतं ते. आणि मनात दुसरंही टोचत होतं, की दोन महिन्यांच्या बाळंतिणीला टाकून आई फिरायला निघाली असं लोक म्हणतील. पण जावयाची रजा चालू होती, बाळ बाळसं धरत होतं, आणि तिथं पहिले काही आठवडे सुईण घरी येऊन बाळ-बाळंतिणीला तपासून जाते, तिचा खर्चही विम्यातून निघतो. सहा दिवस माझ्यावाचून काही अडणार नव्हतं. हे कबूल करायलाच मला जास्त वेळ लागला!

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर आधी व्हिसाचं. तो एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवसांचा मिळतो. त्यातलेच सहा दिवस बाजूला काढायचे. वेगळा व्हिसा लागत नाही, कारण शेंगेन गटातल्या २९ देशांना एकच चालतो. ज्या देशात जास्त दिवस राहणार तिथल्या वकिलातीकडे अर्ज करायचा. आजारपणाचा विमा कमीत कमी ३०,००० युरोंचा लागतो, तो परतीच्या तारखेपर्यंत पुरेल असा घ्या.

आणि हो, इथून जाताना सामानात काय भरता ते पाहा. दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपात नेऊ देत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड गेलंच. ताजी फळंही चालत नाहीत, पण गंमत अशी की नारळ, केळी, खजूर, अननस आणि तो घाणेरड्या वासाचा दुरियन एवढ्यांना सूट आहे. हापूसला नाही. माझ्यासमोर विमानतळावर एका बाईंची अख्खी पेटी काढून घेतली. बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. भाजणी, मेतकूट, चकल्या, पोह्यांचा चिवडा खुशाल न्या.

माझा मार्ग गोल होता. म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून इटलीतलं वेरोना, तिथून व्हेनिस, मग आल्प्स ओलांडून व्हिएन्ना, आणि साल्झबुर्गवरून परत म्युनिक. पाच रात्री आणि सहा दिवस. यापेक्षा एक गावही वाढवू नका. यात्रा कंपनीच्या बसनं दहा दिवसांत सात देश केलेल्या माझ्या जावा आहेत. त्यांना फोटो पाहिल्याशिवाय कुठलं काय ते आठवत नाही.

तिकिटाचं विचाराल, तर परदेशी पाहुण्यांसाठी युरेल नावाचा पास १९५९ सालापासून मिळतो आणि आता तो फोनवरच येतो. साठीच्या पुढं सवलतही आहे. पण चार-पाचच प्रवास असतील तर काही आठवडे आधी काढलेली सुटी तिकिटं स्वस्त पडतात. मी तीच काढली. मात्र अशी स्वस्त तिकिटं बहुधा त्याच गाडीला बांधलेली असतात. आपल्या आळसानं गाडी चुकली तर पैसे गेले. पास काढलात तरी इटली-फ्रान्सच्या जलद गाड्यांना जागेचं आरक्षण वेगळं करावं लागतं, हे पुष्कळांना तिथं गेल्यावर कळतं.

आता बॅग. माझी कसोटी सांगते. भरलेली बॅग घेऊन आपल्या घराचा जिना न थांबता गच्चीपर्यंत चढून जा. दम लागला तर उतरून निम्मं सामान काढा. तिथं हमाल नसतात, गाडीला पायऱ्या असतात, आणि व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत, पायऱ्यापायऱ्यांचे. मी दोन पंजाबी ड्रेस, एक न चुरगळणारी साडी, एक लोकरीचा कोट आणि मळलेले पण सवयीचे बूट एवढंच नेलं. फरसबंदीचे रस्ते असतात, नव्या चपलांचा मोह नको. मंगळसूत्र लेकीकडं ठेवून साधी काळी पोत घातली. पासपोर्ट आणि थोडे पैसे कमरेला बांधायच्या कापडी पिशवीत, तीही कपड्यांच्या आत. पिशवी मीच शिवली, जुन्या परकराच्या कापडाची. विजेची छोटी किटली जरूर न्या, स्वस्त हॉटेलांत ती खोलीत ठेवलेली नसते. आपल्या तीन पिनांच्या प्लगला तिथली दोन गोल भोकं चालत नाहीत, म्हणून जोड आधीच घ्या. किटली असली की रात्री उकळतं पाणी, कोरडा उपमा आणि झाकण. झालं जेवण.

गाडीत बसायची पद्धत एकदा कळली की सोपी आहे. जर्मन स्टेशनवर दोन छापील तक्ते लावलेले असतात, पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा आणि पांढरा येणाऱ्यांचा. मी पहिल्यांदा पांढऱ्यासमोर दहा मिनिटं आपली गाडी शोधत उभी होते! फलाटाला जर्मनीत 'ग्लाइस', ऑस्ट्रियात 'बानश्टाइग', इटलीत 'बिनारिओ' म्हणतात. तिकिटावर डब्याचा नंबर असतो. तो डबा फलाटावर अ, ब, कसारख्या कुठल्या अक्षराखाली थांबणार ते पाटीवर येतं, तिथं आधीच जाऊन उभं राहायचं. इटलीत साध्या गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यायचा. विसरलात तर दंड.

पहिला दिवस छान गेला. ब्रेनरची खिंड जवळजवळ १,३७० मीटर उंचीवर आहे. अलीकडं घरांच्या खिडक्यांत लाल जिरेनियमच्या कुंड्या, पलीकडं उतरावर सफरचंदांच्या आणि द्राक्षांच्या बागा. वेरोनाला उतरले, एका बाईंच्या घरगुती हॉटेलात खोली घेतली होती तिथं गेले, आणि संध्याकाळ झाली. खरं सांगते, त्या संध्याकाळी मला रडू आलं. चौकात दिवे लागलेले, सगळी टेबलं भरलेली, आणि मी एकटी. बाईमाणसानं एकटीनं टेबलाशी बसून जेवण मागवायचं, हे मी साताऱ्यातही कधी केलं नव्हतं. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले आणि खोलीवर बसून म्युनिकहून आणलेली दशमी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाला स्टेशनवर गेले तर पाटीवर एकेक गाडी 'कांचेल्लातो'. रद्द! माझी व्हेनिसची गाडीही रद्द. माणसं खांदे उडवून निघून जात होती. माझे हातपाय गार पडले. लेकीला फोन करायला फोन काढला, आणि परत पिशवीत ठेवला. ती घाबरली असती आणि म्हणाली असती, "आई, असशील तशी परत ये." आणि मी गेले असते हो! मला माहीत होतं.

बाकावर एक माझ्याच वयाच्या बाई भाजीची पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांना तिकीट दाखवलं. त्या म्हणाल्या, "शोपेरो," आणि दोन्ही हात झटकले. संप! मग त्यांनी माझ्या तिकिटामागं लिहून दिलं, १८ ते २१. पुढं मला कळलं की इटलीत संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरलेल्या साध्या गाड्या सोडाव्याच लागतात. संपाच्या तारखाही आधी जाहीर होतात. तुम्ही निघण्यापूर्वी त्या पाहून ठेवा. मी पाहिल्या नव्हत्या.

परत हॉटेलात गेले, बाईंकडं बॅग ठेवली आणि हातात अख्खा दिवस. असा दिवस मला लग्नानंतर आठवत नाही, की ज्यात कुणाचं काही करायचं नाही आणि कुठं पोचायचंही नाही. पहिल्या शतकातलं रोमन लोकांचं गोल प्रेक्षागार पाहिलं. १९१३ पासून उन्हाळ्यात तिथं ऑपेरा होतात. मी गेले तेव्हा ऑक्टोबर होता, दगडी पायऱ्या रिकाम्या. सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसले. ज्युलिएटची म्हणून दाखवतात ती गॅलरी विसाव्या शतकात बसवलेली आहे, आणि ज्युलिएट तर नाटकातली. तरी पोरींची ही गर्दी! मी खालूनच पाहिलं आणि नदीकाठी गेले.

आणि दुपारी, मैत्रिणींनो, एका खाणावळीत शिरले आणि बोटानं दाखवून टेबल मागितलं. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे," मांस नको, मासे नको. एवढी दोन वाक्यं पाठ करून ठेवा. काटेकोर शाकाहारी असाल तर लक्षात घ्या, की पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या द्रव्यानं विरजतात, म्हणून तेही नको म्हणून सांगा. आणि भाज्यांचं सूप असलं तरी पाणी मांसाचं नाही ना, ते विचारा. मला टोमॅटोचा रस्सा घातलेला पास्ता मिळाला. पाऊण तास बसून खाल्ला. कुणीसुद्धा माझ्याकडं पाहिलं नाही.

सहाच्या पुढच्या गाडीत उभं राहायलाच जागा मिळाली. व्हेनिसला 'मेस्त्रे' हे स्टेशन आधी येतं, तिथं उतरू नका. पुढं गाडी खाडीवरच्या लांब पुलावरून जाते आणि शेवटच्या 'सांता लुचिया'ला थांबते. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की समोर पाणी. रात्री पोचले म्हणून पहिल्यांदा दिसलं ते काळं पाणी आणि त्यात हलणारे दिवे. तिथून एक नंबरच्या बोटीनं मोठ्या कालव्यातून गेले. तिकीट मी गेले तेव्हा साडेनऊ युरो होतं, महागच. पण तेवढ्यात सगळे वाडे बघून होतात. मग लेकीला फोन केला आणि संपाचं सांगितलं. क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "आणि तू मला आत्ता सांगतेस?"

व्हेनिसहून व्हिएन्नाला रात्रीची गाडीही आहे, आणि अशा रात्रीच्या गाड्यांत फक्त बायकांचा कप्पा मागून मिळतो. पण मी दिवसाची घेतली, झेमरिंगच्या घाटासाठी. १८४८ ते १८५४ या सहा वर्षांत बांधलेला ४१ किलोमीटरचा हा मार्ग, १६ पूल, बोगद्यांमागून बोगदे. आपल्या बोरघाटातून गाडी गेली ती १८६३ साली. त्यामुळं मला खंडाळ्याचीच आठवण येत होती, फक्त वडे विकणारं कुणी नव्हतं.

व्हिएन्नाबद्दल फार लिहीत नाही, राजवाडे सगळ्यांना माहीत आहेत. एवढंच सांगते की नळाचं पाणी प्या, ते १८७३ पासून डोंगरातल्या झऱ्यांवरून येतं. कॉफीबरोबरही पेलाभर ठेवतात, आणि एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. रविवारी मात्र दुकानं बंद. दूध-पाव शनिवारीच घ्या, नाहीतर मोठ्या स्टेशनवरच्या दुकानात. स्टेशनवरच्या शौचालयाला युरोचं नाणं लागतं, गाडीतलं फुकट असतं, तेव्हा उतरण्याआधीच जाऊन या. अडचण आली तर ११२ हा नंबर सगळीकडं चालतो. लेकीच्या जर्मन सिमकार्डाला इटली-ऑस्ट्रियात जादा पैसे पडले नाहीत, २०१७ पासून तशी सोय आहे.

साल्झबुर्गला स्टेशनवरच्या कपाटात बॅग ठेवून चार तास फिरले. पुढं जर्मनीची हद्द लागली तेव्हा गाडीत पोलीस आले. २०१५ पासून तिथं तपासणी असते, म्हणून पासपोर्ट अंगावरच हवा. एक तरुण पोलीस मुलगी माझा पासपोर्ट उलटसुलट पाहून इंग्रजीत म्हणाली, "एकट्याच?"

"एकटीच," मी म्हटलं.

म्युनिकला फलाटावर जावई बाळाला छातीशी बांधून उभे होते. लेक पुढं आली, बॅग हातातून घेतली आणि म्हणाली, "एवढीशीच?" मग घरी जाऊन मी आधी वरणभाताचा कुकर लावला. खिडकीतून रात्रीची इटलीची गाडी गेली, तेव्हा तिच्या दिवसातून किती फेऱ्या होतात ते लेकीला विचारून ठेवलं.