काकासाहेबांची भूमिका

अहिवाऱ्यास बदली होऊन आल्यावर शेजारच्या छत्तीसगढी कुटुंबाशी आमचा घरोबा जुळला. त्यांना मराठी कळत नाही. म्हणून एका रविवारी 'कुंकू'ऐवजी त्याची हिंदी आवृत्ती 'दुनिया न माने' आम्ही सर्वांनी मिळून पाहिली. व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'प्रभात'ने १९३७ साली काढलेल्या या दोन्ही आवृत्त्यांत काकासाहेब वकील आहेत ते केशवराव दातेच.

महाविद्यालयात असताना हा चित्रपट प्रथम पाहिला, तेव्हा या काकासाहेबांचा मला मनस्वी संताप आला होता. शांता आपटे यांच्या नीरेचे तेज डोळ्यांत असे भरले होते की, दाते यांच्याकडे नट म्हणून पाहावे हे सुचलेच नाही. या खेपेस मात्र दृष्टी त्यांच्यावरून ढळेना.

महाराष्ट्र नाटक मंडळीत उमेदवारी केलेला, १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' गाजविणारा हा नट. १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये ते क्रूर राजगुरू झाले. १९४१ च्या 'शेजारी'त सरळमनाचे जिवबा. 'कुंकू'च्या वेळी ते स्वतः पन्नाशीच्या आतच होते. चित्रपटास पार्श्वसंगीताचाही आधार नाही. तरी आरशापुढे वार्धक्य लपवू पाहणारा तो वृद्ध ते असा उभा करतात की, त्याचा अन्याय तसूभरही झाकला जात नाही, आणि त्याला आपली चूक उमगते तेव्हा आपलाच कंठ दाटतो. दुय्यम म्हणविल्या जाणाऱ्या भूमिकेचे सामर्थ्य हेच असावे: प्रेक्षकाचा तिरस्कार निमूटपणे पत्करायचा, आणि अखेरीस त्या प्रेक्षकालाच आरशापुढे आणून उभे करायचे.

चित्रपट संपला. शेजारी म्हणाले, "समझा तो सही, पर देर से समझा." सौभाग्यवती काही न बोलता चहाचे पेले उचलून आत गेली.

मी काही काकासाहेब नव्हे, असे मनाशी म्हणालो. पण समाधान झाले नाही. नोकरीत माझ्या सात बदल्या झाल्या. सातही वेळा बदलीचा हुकूम मी तिला वाचून दाखविला. तिला काय वाटते, हे एकदाही विचारले नाही. तिने निमूटपणे सामान बांधले, आणि मी त्यालाच संमती समजलो.

निवृत्तीस आता दोन वर्षे उरली आहेत. त्या रात्री मी तिला विचारले, "पुढे कुठे राहावे, असे तुला वाटते?"

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "उद्या सांगते. विचार करायला वेळ तर द्याल?"