ओवाळणीतला कंदील

दिवाळी आठ दिवसांवर आली की मध्यमवर्गीय गृहस्थापुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांत कोणाला काय द्यावे हा प्रश्न सर्वांत बिकट होय. फराळाचा प्रश्न गृहिणी सोडवितात, किल्ल्याचा मुले सोडवितात. भेटवस्तूंचा मात्र कोणीच सोडवीत नाही, तो केवळ पुढे ढकलला जातो. 'ढकलला' हा शब्द आम्ही अगदी शब्दशः वापरीत आहोत. काजू, बदाम, बेदाणे आणि अक्रोड असे चार कप्पे असलेली एक मखमली पेटी एका वर्षी आमच्या घरून एका स्नेह्यांकडे गेली, आणि तुळशीच्या लग्नापूर्वी कोठकोठची घरे फिरून ती पुन्हा आमच्याच दारी आली. वरच्या कागदावरील तेलाचा डाग आमच्या कुटुंबाने ओळखला, म्हणून हे उघडकीस आले. एरवी आम्हीही तिचे कौतुक करून ती चौथ्या-पाचव्या घरी पोचती केली असती.

या फेऱ्यातून भाऊबिजेपुरती तरी आम्ही गेली काही वर्षे सुटका करून घेतली आहे. त्या खरेदीसाठी आम्ही आता लक्ष्मी रस्त्यावर जात नाही, बोहरीआळीत जातो. तेथे आम्हांस दोर, विजेऱ्या, झाकणाची पिंपे, शिट्ट्या असल्या वस्तू न्याहाळताना पाहून एका दुकानदाराने विचारले, "सर, बांधकाम काढलंय का?" "नाही, बहिणीची ओवाळणी घ्यायची आहे," असे आम्ही उत्तर दिले. त्यावर त्याच्या मुद्रेवर जो भाव उमटला, तो आमच्या बहिणीविषयीच्या अनुकंपेचा होता, यात शंका नाही. या विलक्षण आवडीचा उगम सांगावयाचा तर आरंभ आमच्या मावशीपासून केला पाहिजे.

मावशीचे बिऱ्हाड नारायण पेठेत होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही दोन्ही धरणे फुटली, आणि मुठेच्या त्या लोंढ्यात नदीकाठच्या असंख्य घरांबरोबर तिचे घरही गेले. माणसे वाचली. पुढे ती त्या दिवसाविषयी फारसे बोलत नसे. लोकांना वाटे की तिला संसार गेल्याचे दुःख अनावर होते. परंतु तिला स्वतःला आठवे ते निराळेच. सर्वत्र पाणी असताना पिण्याच्या पाण्यासाठी तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन केलेली वणवण, आणि रात्रीचा काळोख. "अंधारात मूल रडतंय की दुसरं कोणी, हेही कळत नव्हतं," एवढे एकच वाक्य तिच्या तोंडून आम्ही दोन-तीनदा ऐकले आहे. त्यानंतर माहेरची कोणतीही मुलगी सासरी निघाली की मावशीचा आहेर ठरलेला असे. तो म्हणजे एक कंदील.

आमच्या धाकट्या बहिणीचे लग्न १९९६ साली झाले. रुखवतात साखरेची शिल्पे होती, लोकरीची तोरणे होती, मण्यांचा राजहंस होता, आणि त्या सर्वांच्या मध्यभागी मावशीचा कंदील होता. वरपक्षाकडील बायका पदराआड हसल्या. आम्ही तर उघडच हसलो. आम्ही तेव्हा नुकतेच प्राध्यापक झालो होतो. विसावे शतक संपत आले आहे हे मावशीस समजावून सांगणे आम्हांस आमचे कर्तव्य वाटले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि पत्र्याचा एक घट्ट झाकणाचा डबा बहिणीच्या हाती दिला. त्यात रॉकेलची बाटली, जास्तीची एक वात आणि मेणकागदात गुंडाळलेली काड्याची पेटी होती. "नुसता कंदील म्हणजे काचेचं भांडं," ती म्हणाली. "वर्षातून एकदा हे बदलायचं." मावशी पुढे पाच वर्षांनी वारली. डबा बदलण्याचे कोणाच्याही ध्यानी राहिले नाही.

बहिणीचे घर सांगलीच्या गावभागात आहे. सांगलीत कृष्णेचे पाणी मोजतात ते आयर्विन पुलापाशी, आणि तेथे धोक्याची पातळी ४५ फूट समजतात. वर कोयना, बाजूने वारणा. त्या दोहोंच्या खोऱ्यांत एकाच वेळी पाऊस कोसळला की त्याचा हिशेब सांगलीला द्यावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये ते पाणी ५७ फुटांच्या वर गेले. सांगलीकडे जाणारे रस्ते बंद झाले. आम्ही पुण्यात दूरचित्रवाणीसमोर बसून होतो. दुसऱ्या दिवशी बहिणीचा निरोप मोबाइलवर आला : 'वर आहोत. काळजी नको. बॅटरी ४ टक्के.' त्यानंतर तीन दिवस काहीच आले नाही.

त्या तीन दिवसांत आम्ही मनाशी एक यादी केली. ती करावी असे ठरविले नव्हते. ती आपोआप होत गेली. तेवीस वर्षांच्या भाऊबिजेस आम्ही बहिणीला काय काय दिले, याची ती यादी होती. साड्या, एक मिक्सर, भिंतीवरचे घड्याळ, संगमरवरी गणपती, विजेवर चालणारे कारंजे. प्रत्येक वेळी तिने आम्हांस ओवाळले होते, आणि ओवाळणाऱ्या बहिणीचे रक्षण करण्याचे मुकाट वचन दर वर्षी आम्ही त्या ताटात घातले होते. आता ती पुराच्या पाण्यात वेढलेली होती आणि आम्ही कारंज्याची किंमत आठवीत होतो.

चौथ्या दिवशी होडीने त्या चौघांस बाहेर काढले : बहीण, मेहुणे, त्यांची वृद्ध आई आणि आमचा भाचा. पुढे तिने जे सांगितले त्याचा सारांश असा. स्वयंपाकघर तळमजल्यावर होते, तेव्हा शेगडी, सिलिंडर आणि आमचा मिक्सर पहिल्याच रात्री पाण्याखाली गेले. नळ बंद. गच्चीत घंगाळ ठेवून, त्यावर धुतलेल्या साडीचा पदर ताणून बांधून तिने पावसाचे पाणी धरले. शेजारच्या गच्चीतून दोरीला बांधून भाकरी आणि ठेचा आला. तिसऱ्या रात्री सासूबाईंना दम लागला आणि अंधारात औषधाची कुपी सापडेना. त्या वेळी तिला माळ्यावरचा कंदील आठवला. भाच्याने तो काढला. डबाही सापडला. बाटलीच्या तळाशी बोटभर पिवळट गाळ होता, रॉकेल केव्हाच उडून गेले होते. काड्या ओलसर होऊन गुल झडलेले होते. वात मात्र कोरी होती.

"मावशीनं सगळं दिलं होतं, दादा," बहीण म्हणाली. "मीच जपलं नाही." खरे म्हणजे हे वाक्य आमचे होते.

त्या ऑक्टोबरात भाऊबिजेला आम्ही सांगलीस गेलो ते एक निळे, घट्ट झाकणाचे पिंप घेऊन. त्यात सौर दिवा होता, हाताने दांडी फिरवून चालणारा रेडिओ होता, शिट्टी, दोर, पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या, कागदपत्रांसाठी पाणी न शिरणारी पिशवी, सासूबाईंच्या औषधांची यादी, आणि आमच्या हस्ताक्षरात लिहिलेले दूरध्वनी क्रमांक. भाचा म्हणाला, "मामा, आपण लढाईवर निघालोय का?" मेहुणे काही बोलले नाहीत, परंतु सणाच्या दिवशी संकटाची सामग्री घरात आणल्याचे त्यांस रुचले नाही, हे दिसत होते. आपल्याकडे 'वास्तू तथास्तु म्हणत असते' अशी समजूत आहे. अशुभ बोलू नये, बोलले तर खरे होते. त्या समजुतीचा आम्ही उपहास करीत नाही. नुकतेच पुरातून निघालेल्या घरात पुराचे नाव काढणे हे काही सौजन्याचे लक्षण नव्हे.

परंतु शुभाशुभाचा हा विचार आमच्या पूर्वजांनी जितका केला, तितकाच बेगमीचाही केला होता. कोकणात पावसापूर्वी आगोट भरीत, म्हणजे चार महिन्यांचे धान्य, मीठ, मिरची, लाकूडफाटा घरात घेत. त्यात पावसाला अपशकुन केला असे कोणास वाटले नाही. देशावर कणग्या भरीत, उन्हाळ्यात कुरडया-सांडगे घालीत. रुखवतात पूर्वी संसाराची भांडीच मांडीत. मण्यांचा राजहंस मागाहून आला. मात्र या आठवणीत रमून जाणाऱ्या वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो स्वावलंबी संसार घरातील बायकांच्या पाठीच्या कण्यावर उभा होता, आणि जात्यावर बसण्याची पाळी ज्यांच्यावर कधी आली नाही, तेच त्याचे गोडवे अधिक गातात. आम्हांस जाते परत नको आहे. जात्यामागची दूरदृष्टी परत हवी आहे.

पंचतंत्रातील तीन माशांची गोष्ट आम्ही शाळेत असताना पाठ केली होती. कोळी येणार हे कळताच अनागतविधाता आधीच दुसऱ्या डोहात निघून जातो. प्रत्युत्पन्नमती ऐनवेळी मेल्याचे सोंग करून सुटतो. यद्भविष्य जे होईल ते होईल म्हणून बसतो आणि मरतो. या गोष्टीतील आपण कोण, असे कोणाही सुशिक्षितास विचारा. तो स्वतःस प्रत्युत्पन्नमती मानतो. वेळ आली की आपल्याला काहीतरी सुचेलच, अशी आपल्या बुद्धीवर आपली श्रद्धा असते. आम्हीही तसेच मानीत होतो. ऑगस्टातील त्या तीन दिवसांत आम्हांस काहीही सुचले नाही. यद्भविष्य बहुधा असाच, स्वतःला प्रत्युत्पन्नमती समजत असावा.

असल्या भेटी देण्याचे चार-दोन नियम आम्हांस अनुभवाने सापडले आहेत. पहिला, वस्तू नित्य वापरात येणारी असावी. माळ्यावर गेलेली वस्तू संकटसमयी सापडत नाही, सापडली तर चालत नाही. सौर दिवा रोज संध्याकाळी देवापुढे किंवा जिन्यात लावावा. विजेरीतील घट काढून वेगळे ठेवावे, नाहीतर ते आतल्या आत झरतात. दुसरा, भेटीबरोबर तिची वात द्यावी, आणि दर वर्षी ती बदलण्याचे काम देणाऱ्याने स्वतःच्या अंगावर घ्यावे. तिसरा, जड वस्तूंहून ज्ञान हलके असते आणि ते भिजत नाही. माणशी दिवसाला सुमारे ४ लिटर पाणी पिण्यास व रांधण्यास धरले तर चार माणसांस तीन दिवसांना ४८ लिटर लागते, हे गणित मुलांकडून करवून घ्यावे. १ लिटर शुद्ध पाण्यात साखरेचे ६ सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा घातला की जुलाबाने सुकत चाललेल्या माणसाचे प्राण वाचू शकतात; हे ज्या घरात ठाऊक आहे, त्या घरास एक अमोल भेट मिळालेली आहे. चौथा नियम आमचा नव्हे, बहिणीचा आहे. तो पुढे येईल.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा धोक्याच्या पातळीच्या वर चढली. या वेळी आमच्या पिंपाने कोणता पराक्रम केला, असे वाचक विचारतील. त्याने काहीच केले नाही, कारण ते उघडावेच लागले नाही. पाणी पुलापाशी ४० फुटांवर जाण्याची वाट न पाहता बहिणीने कागदपत्रांची पिशवी काढली, सासूबाईंची औषधे घेतली, आणि दिवसाउजेडी सर्वांना घेऊन ती उंचावरील नातेवाइकांकडे गेली. "पिंप रोज डोळ्यांसमोर होतं ना," ती म्हणाली, "म्हणून निघायचं सुचलं." पिंप तिने वरच्या मजल्यावर ठेवले होते, आणि शेजारच्या, भाकरी पाठविणाऱ्या कुटुंबास जाताना किल्ली दिली होती. ते कुटुंब मागे राहिले होते. दिवा, गोळ्या, दोर सर्व त्यांच्या कामी आले. "दादा, पुढच्या वर्षी दोन आण," हा तिचा नियम. आपल्या एकट्याच्या घरापुरती केलेली तयारी निम्मीच असते, हे आम्हांस त्या चार शब्दांनी समजले. भाकरीच्या दोरीचे दुसरे टोक नेहमी दुसऱ्या गच्चीत असते.

गेल्या भाऊबिजेस बहीण आमच्याकडे पुण्यास आली होती. ताट सजले, निरांजन लागले, आणि तेवढ्यात वीज गेली. आम्ही विजेरी शोधू लागलो. ती बैठकीच्या खणात नव्हती, स्वयंपाकघरात नव्हती. मोबाइलच्या उजेडात शेवटी सापडली तेव्हा तिच्यातील घट झरून हिरवे पडले होते. ज्याने तीन घरी पिंपे वाटली, त्याच्या स्वतःच्या घरी पिण्याचे पाणी तेवढे माठात होते. बहीण काही बोलली नाही. निरांजनाच्या उजेडात तिने आम्हांस ओवाळले. आम्ही ताटात पाकीट ठेवले, तशी ती उठली आणि आपल्या पिशवीतून कागदात गुंडाळलेले काहीतरी काढून तिने आमच्यापुढे ठेवले.

तो मावशीचा कंदील होता. काच लखलखीत पुसलेली होती. सोबत तोच पत्र्याचा डबा होता. आजकाल सहसा न मिळणारे रॉकेल तिने अर्धी बाटली कोठून मिळविले, देव जाणे. नवी वात होती, मेणकागदात कोरडी काड्याची पेटी होती, आणि डब्याच्या झाकणावर तिने शाईने वर्ष लिहिले होते. त्याखाली पुढील वर्षांसाठी तिने जागा मोकळी सोडली आहे.