प्रमाण ग्रंथालय आणि ‘ळ’

आम्हां दोघांचा संगणकाशी संबंध प्रश्नपत्रिका टंकण्यापुरता. मराठी शिकवता शिकवता चाळिशी उलटली, तरी त्यापलीकडे जाण्याची गरज भासली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात मात्र पायथॉन नावाच्या संगणकभाषेच्या दारात उभे राहावे लागले, आणि त्याला कारण झाले बिस्किटांचे सात पत्र्याचे डबे. आमच्या दिवंगत सरांनी आयुष्यभर जमवलेल्या बोलीतल्या शब्दांच्या चिठ्ठ्या त्यांत होत्या. एका कोशाच्या संपादकांनी हे शब्द कधीकाळी ‘प्रमाण नाहीत’ म्हणून परत पाठवले होते. ते पत्रही सरांनी डब्यातच जपले होते. डबे आमच्या हवाली करताना काकू एवढेच म्हणाल्या, “नीट लावून द्या.”

चिठ्ठ्या टंकून झाल्या, पण लावायच्या कशा? संगणकशास्त्र विभागातल्या सहकाऱ्याने पायथॉन सुचवली. तिच्याबरोबर एक ‘स्टँडर्ड लायब्ररी’ येते, म्हणाले. वेगळे काही आणावे लागत नाही. स्टँडर्ड म्हणजे प्रमाण, लायब्ररी म्हणजे ग्रंथालय. मराठीच्या मास्तरांना हा शब्दच पुरे होता!

त्या ग्रंथालयात काय नाही? दोनशेहून अधिक कपाटे आहेत. त्यांना मॉड्यूल म्हणतात. तारखा, अपूर्णांक, पंचांगासारखे ‘कॅलेंडर’, मुलांना रेघा काढायला शिकवणारे कासव. ‘धिस’ नावाच्या मॉड्यूलमध्ये तर चक्क एक सूत्रबद्ध पद्य आहे, तेही सांकेतिक लिपीत गुंडाळलेले. खरेदी केलेल्या खेळण्यात बॅटऱ्या आधीच घातलेल्या असाव्यात, अशी उपमा पायथॉनवाले स्वतःच देतात. २०२४ साली आलेल्या ३.१३ या आवृत्तीत त्यांनी १९ जुनी मॉड्यूल काढून टाकली. निर्णयाच्या कागदावर शब्द होता ‘मृत बॅटऱ्या’. कोशातून शब्द गाळताना इतके स्पष्ट लिहिण्याचे धैर्य आमच्याकडे किती जणांनी दाखवले असेल?

असो. ‘डिफलिब’ने आमचे मन जिंकले. दोन मजकुरांतला फरक ते दाखवते. म्हणजे पाठभेदांची अर्धी मेहनत वाचली. एकच शब्द सरांनी वेगवेगळ्या वर्षी वेगळ्या ऱ्हस्वदीर्घांनी लिहिलेला, अशा जोड्या त्याने भराभर पुढे मांडल्या.

मग शब्द मोजायला बसलो. मजकुरातून शब्द वेगळे काढण्याचे काम ‘आरई’ नावाच्या मॉड्यूलचे. ‘शब्दातले अक्षर’ अशी एक खूण त्यात आहे. ती वापरून आम्ही शीर्षकापासूनच सुरुवात केली. ‘मराठी’ या शब्दाचे पडद्यावर दोन तुकडे झाले : ‘मर’ आणि ‘ठ’.

आम्ही हसलो. मग हसू थांबले. ‘शब्द’ घातला, तर ‘शब’ आणि ‘द’. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे त्या मॉड्यूलच्या लेखी अक्षरच नव्हेत. त्यांच्यापाशी शब्द संपतो. गंमत अशी की शेजारच्याच ‘युनिकोडडेटा’ या कपाटात प्रत्येक कान्याची आणि वेलांटीची नावनिशीवार नोंद आहे. म्हणजे अज्ञान नव्हते. जनगणनेत आहेत, पंगतीत नाहीत, असा प्रकार. तिथे कोणाच्या मनात खोट असेल असे आम्हांला वाटत नाही. नियम ठरले तेव्हा डोळ्यांपुढे सुटी सुटी अक्षरे ओळीने मांडणाऱ्या लिप्या असाव्यात. पण सरांचे पत्र परत पाठवणाऱ्यांच्या मनात तरी खोट कुठे होती? त्यांच्याही डोळ्यांपुढे जी मराठी होती, तिच्यात हे शब्द नव्हते, इतकेच.

उपाय सापडला. देवनागरीसाठी युनिकोडने राखलेला सारा पट्टा ‘अक्षर’ समजावा असे आम्ही सांगितले. त्या पट्ट्यात दंडही बसतो हे ध्यानात नव्हते, त्यामुळे सरांनी उतरवून घेतलेल्या ओव्यांमधला शेवटचा प्रत्येक शब्द दंड खांद्यावर घेऊनच यादीत आला. तोही काढला.

उरला अनुक्रम. संगणक लावतो तो संकेतांकांच्या क्रमाने, आणि त्यात ‘ळ’ आहे ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये. त्यामुळे काल, काळ, कावळा, काहूर अशी रांग लागली. आम्ही शाळेत घोकलेल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’च्या पाठोपाठ येतो. ग्रंथालयात मराठीपुरता तयार क्रम काही मिळाला नाही. तेव्हा वर्णमाला आम्हीच एका ओळीत टंकली, त्या ओळीतल्या स्थानावरून शब्द लावायला सांगितले, आणि काल, कावळा, काहूर, काळ असे सगळे आपापल्या जागी बसले. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांवरून मात्र आम्हां दोघांत दोन दिवस अबोला होता.

छापील यादी घेऊन काकूंकडे गेलो. चष्मा पुसून त्यांनी पाने उलटली, बोट एका शब्दापाशी थांबले. “हा त्यांनी चुकीचा लिहिलाय,” म्हणाल्या, आणि पेन मागितले.