रुमण्यावरचा हात

पंप बाहेरून दिसतच नाही. ट्रॅक्टरांतली मॅसी फर्ग्युसन ३५ घ्या किंवा तिच्याच कुळातली १०३५ घ्या. नांगर उचलणारा हायड्रोलिक पंप सीटच्या खाली, मधल्या चेंबरमध्ये, गिअरच्याच तेलात बुडून बसलेला असतो. त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधी सगळं तेल घमेल्यात उतरवायचं, सीट काढायची, वरच्या झाकणातून पंपाकडे जाणारी उभी नळी सोडवायची आणि मग ते जड झाकण लिफ्टच्या दोन्ही बाह्यांसकट चेन ब्लॉकला टांगून सरळ वर घ्यायचं. मागून पीटीओचा, म्हणजे मागची अवजारं फिरवणारा लांब शाफ्ट ओढायचा, कारण पंप त्याच शाफ्टवर चालतो. दोन्ही कुशींना छोटी झाकणं असतात, त्यांच्या पिनांनी पंप जागी धरलेला असतो. त्या निघाल्या की तो हळूच तिरपा करून वर काढता येतो. एवढी खटपट पाहून कोणीही म्हणेल, हे कशासाठी? बाहेरच्या बाजूला एक नवा पंप बसवा, दोन पाईप जोडा, नांगर उचलला जातोय ना? नागपूर जिल्ह्यात जुन्या ट्रॅक्टरवर असा विचार होणं अगदी स्वाभाविक आहे. तरी माझं म्हणणं असं, की मूळ पंप काढावा, दुरुस्त करावा आणि त्याच्याच जागी परत बसवावा.

कारण तो पंप नुसता उचलण्यासाठी केलेलाच नव्हता. त्याच्या आधीचे ट्रॅक्टर नांगराला बैलासारखे मागे जोडून ओढायचे. नांगर एखाद्या धोंड्याला अडला की चाकं फिरत राहायची, पुढची बाजू वर यायची आणि कित्येकदा ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटायचा. उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने यावर उपाय काढला तो तीन जोडांचा. खाली दोन, वर एक. फाळाला जमिनीचा जोर लागला की वरचा दांडा स्प्रिंग दाबतो, स्प्रिंग पंपाच्या झडपेला हलवते आणि झडप ठरवते की तेल आत घ्यायचं की सोडायचं. जमीन जड लागली की नांगर बोटभर वर येतो, हलकी लागली की उतरतो. पुरताच अडला तर लिफ्टमधला दाब सुटतो, मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि ट्रॅक्टर उलटण्याऐवजी चाकं जागच्या जागी घसरतात. १९३९ साली हेन्री फोर्डच्या कारखान्यातून आणि १९४६पासून इंग्लंडातल्या कोव्हेंट्रीतून ही रचना जगभर गेली. पुढे १९६०मध्ये स्थापन झालेल्या मद्रासच्या टॅफे कंपनीमुळे ती आपल्या वावरात 'मॅसी' म्हणून आली. मला या सगळ्यात दिसतो तो जुना नांगऱ्या. बैल पुढे चाललेत, त्याचा हात रुमण्यावर आहे आणि तो हात डोळ्यांच्या आधी मातीशी बोलतो आहे. इथे काळी चिकट आली, थोडं सैल सोड. इथे मुरूम लागला, थोडं दाब. हाताचं हे शहाणपण लोखंडात आणि तेलात उतरवलेलं आहे, आणि त्याची झडप त्या बुडालेल्या पंपातच आहे. बाहेरचा पंप नांगर उचलेल, पण त्याला मातीचा निरोप पोचणार नाही. स्प्रिंग दबत राहील आणि ऐकणारं कोणी नसेल.

आपल्याकडे हा निरोप बहुमोलाचा आहे. काटोलकडच्या चढावर बरड, खाली ओढ्याकाठी खोल काळी, कधी एकाच तासात दोन्ही. तूर, कपाशी निघाल्यावर मे महिन्यात जमीन भेगाळते, ढेकूळ दगडासारखं होतं आणि पारा पंचेचाळीसच्या वर जातो. मृग जवळ आलेला असतो, नांगरणी-वखरणी उरकायची असते. असल्या मातीत एकाच उंचीवर बांधलेला नांगर एक तर इंजिनाचा जीव काढतो, नाही तर वरवर खरवडत जातो. हिंगण्याला ट्रॅक्टरचा कारखाना असलेल्या या जिल्ह्यात हे कोणाला नव्याने सांगायला नको.

यावर आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. नवे ट्रॅक्टर जास्त ताकदीचे आहेत, जुन्या यंत्राला उलटण्यापासून चालकाला वाचवणारी चौकट नसते. चढउताराच्या धुऱ्यावर, रस्त्यावर ओझं ओढताना जुनी मॅसी चालवू नये, हे मी विनाअट मान्य करतो. पण जिच्याकडे सपाट वावरातलं काम आहे तिला मोडीत घालण्याचं कारण त्यातून निघत नाही. दुसरं म्हणणं, जपायचंच असेल तर शोभेला ठेवा. मोतीबागेच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जुनी इंजिनं आहेतच की. ती तिथे आहेत याचा मला आनंद आहे. पण रूळ उखडले गेले की रेल्वेइंजिनाला जायला जागा उरत नाही. वावर मात्र जिथे होतं तिथेच आहे. तिसरं म्हणणं खर्चाचं, आणि त्याचं उत्तर पंप उघडण्याच्या आधीच शोधायला हवं. लिफ्ट बसली की दोष सगळ्यांत आधी पंपावर जातो, आणि पुष्कळदा तो निर्दोष असतो. इंजिन चालू असताना नांगर उचलून धरल्यावर बाह्या दर थोड्या वेळाने उचक्या देत असतील, तर पंप काम करतोच आहे. तेल गळतंय ते लिफ्टच्या सिलेंडरच्या सीलमधून किंवा वाटेतल्या एखाद्या ओ-रिंगमधून. सकाळी नीट आणि दुपारी सुस्त, तर उन्हाने पातळ झालेलं तेल झिजलेल्या फटींतून पळतंय. घमेल्यात उतरलेलं तेल ताकासारखं दिसलं, तर पाणी शिरलंय. ट्रॅक्टर पावसाळाभर उघड्यावर उभा होता, एवढाच त्याचा अर्थ. चांगला मिस्त्री पान्याला हात लावण्याआधी हे सगळं बघतो. हे बघणं फुकट आहे, आणि महागडी चूक इथेच टळते.

आणि तरीही पंप काढावाच लागला, तर तो बारदानावर ठेवून डिझेलने धुतल्यावर काय दिसतं? चार छोटे पिस्टन. मातीचा बारीक कण तेलातून आत गेला असेल तर पिस्टनवर लांबट ओरखडा असतो, केसाएवढा. डोळ्याला तो कधी दिसतो, कधी दिसत नाही. नख आडवं फिरवलं आणि अडलं, तर पिस्टन बदलायचा. घसरलं, तर ठेवायचा. झडपेची दांडी दोन बोटांत धरून आपल्या वजनाने सरकते का बघायची. मग नवी सीलं, नवी गॅस्केट, स्वच्छ तेल, आणि तोच क्रम उलटा: पंप, पिना, शाफ्ट, झाकण, नळी, सीट.

पहिलं तास घालताना मागे वळून मातीकडे बघू नये, लिफ्टच्या बाह्यांकडे बघावं. मुरमाडातून काळीत फाळ शिरतो तिथे, लिव्हरला कोणाचा हात नसताना, त्या बोटभर वर येतात, क्षणभर थांबतात आणि परत खाली बसतात.