संशयाचं माहेर

फेब्रुवारी जवळ आला की मावळातल्या पॉलिहाउसांत उसंत नसते. ‘टॉप सिक्रेट’, ‘ताजमहाल’ या जातींचे लाल गुलाब तोडायचे, प्रतवारी करायची, शीतगृहात ठेवायचे आणि रातोरात विमानतळाकडे रवाना करायचे. परदेशी निघालेल्या फुलाचीही तपासणी होते. पाकळ्यांत फुलकिडे आहेत का, ते बघतात. कीड नसेल तर प्रमाणपत्र मिळतं. गुलाब लाल की पिवळा, याच्याशी त्या कागदाला कर्तव्य नसतं.

माणसांचं तसं नाही. इंदुरीत आमच्या पॉलिहाउसवर मागे दोन पाहुणे आले होते. एक केनियातल्या नैवाशाचे गुलाबतज्ज्ञ, दुसरे डच सल्लागार. विमान एक, व्हिसाचा प्रकार एक, निमंत्रणपत्रही एकच. विमानतळावरच्या इमिग्रेशन काउंटरवरून डच गृहस्थ शिक्का घेऊन लगेच बाहेर आले. केनियाच्या पाहुण्यांना मात्र बाजूला बसवलं. परतीचं तिकीट, जवळचे पैसे, हॉटेलचं बुकिंग, निमंत्रणावरची सही खरी कशावरून, हे सगळं विचारून झालं आणि मग मलाही फोन आला. खूप वेळाने ते बाहेर आले तेव्हा अजिबात चिडलेले नव्हते, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणाले, “पुढचं विमान गाठायचं असेल तर मी नेहमी तीन तास जादा धरूनच तिकीट काढतो.” अपमानाचंही त्यांनी वेळापत्रक बसवून टाकलं होतं.

तपासणी नको, असं कोण म्हणेल? यलो फीव्हरचंच घ्या. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारे एडिस डास गल्लोगल्ली आहेत. म्हणून केनियासारख्या देशातून येणाऱ्याला लसीचं पिवळं कार्ड दाखवावंच लागतं; ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. हे कार्ड केनियाच्या पाहुण्यांनी दाखवलं, डच पाहुण्यांनीही दाखवलं. तिथून परतणाऱ्या मावळातल्या पोरालाही ते चुकत नाही. प्रवास कुठून केला, एवढंच हा नियम विचारतो. त्यात कुणाचा अपमान नाही. अपमान सुरू होतो तो नियम संपतो तिथे, जिथे अधिकाऱ्याच्या मर्जीला मोकळं रान मिळतं.

ही मर्जी काय करू शकते, ते आपल्या माणसांनी भोगलेलं आहे. डिसेंबर 1896 मध्ये मुंबईहून गेलेली ‘कुरलँड’ आणि ‘नादेरी’ ही दोन जहाजं दरबानच्या बंदराबाहेर अडवून ठेवली गेली. कारण सांगितलं मुंबईतल्या प्लेगचं. खरी अडचण होती ती हिंदी माणसं उतरण्याची. गांधीजी त्यांतल्याच एका जहाजावर होते. 13 जानेवारी 1897 ला ते उतरले आणि गोऱ्या जमावाने त्यांना मारहाण केली. त्याच वर्षी, दरबान ज्या वसाहतीत होतं त्या नाताळने कायदा केला: येणाऱ्याने युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवावा. कायद्यात रंगाचा उल्लेखसुद्धा नव्हता. परीक्षा कुणाची कडक घ्यायची, ते अधिकाऱ्यावर सोडलं होतं. त्याला ते बरोबर कळत होतं. 1901 मध्ये ऑस्ट्रेलियाने हीच युक्ती उचलली. आणि 1979 मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, लग्नासाठी आलेल्या एका भारतीय स्त्रीची कौमार्य चाचणी झाली, तेव्हा आपल्या देशात संतापाची लाट उसळली होती. ती उसळायलाच हवी होती.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: “अहो, पण त्यांच्यातले लोक ड्रग्जमध्ये सापडतात, व्हिसा संपला तरी राहतात.” सापडतात, खोटं नाही. सापडेल त्याला कायद्याने शिक्षा व्हावी. पण सोन्याची बिस्किटं लपवून आणताना आपली माणसंही पकडली जातात. म्हणून दुबईहून येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला कुणी चोर समजावं का? सुक्याबरोबर ओलं जळतं, हे आपण हळहळून म्हणतो. काउंटरवर तीच पद्धत कशी होऊ द्यायची?

काउंटरमागचा अधिकारी आभाळातून पडत नाही. तो आपल्याच घरातून येतो. गोऱ्या वधूची जाहिरात वाचत मोठा होतो. पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकन मुलांना “फ्लॅट आहे, पण तुम्हाला नाही” असं सोसायटीने सांगितलेलं ऐकतो. 2013 मध्ये गोव्यातल्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कॅन्सर म्हटलं, तेही पेपरात वाचतो. मग कोऱ्या मनाने पासपोर्ट उघडणं त्याला जमावं तरी कसं? त्याच्या संशयाचं माहेर आपल्या दिवाणखान्यात आहे.

दाभाड्यांची गढी मिरवणाऱ्या आमच्या गावात इतिहासाच्या गप्पा पुष्कळ होतात. त्यात हेही यावं, की गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी मलिक अंबर होऊन निजामशाहीचा कारभार चालवत होता आणि 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. पुढे नायजेरियाचे अध्यक्ष झालेले ओलुसेगुन ओबासांजो तरुणपणी लष्करी अभियांत्रिकी शिकायला पुण्यात होते, हेही यावं. त्यांना त्या काळी कुणी खोली नाकारली असती, तर आपण कुणाला नाकारलं ते नाकारणाऱ्याला कधीच कळलं नसतं.

विमानतळाचे नियम आपल्या हातात नाहीत. घराचं दार आहे. परदेशी भाडेकरू ठेवला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची, एवढी कायद्याची अट आहे. ती अमेरिकन मुलासाठी जितकी, तितकीच इथिओपियाच्या मुलासाठी. तेव्हा पुढच्या वेळी असा एखादा मुलगा खोली विचारायला आला, तर इतरांना जे विचारता तेच त्याला विचारा, इतरांकडून जेवढं डिपॉझिट घेता तेवढंच घ्या आणि पटलं तर किल्ली द्या.