दुसरा कन्सोल

रोबोटिक सर्जरी म्हटलं की आपोआप ऑपरेशन करणारं यंत्र डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात 'दा विंची' स्वतःहून काहीच करत नाही. सर्जन रुग्णापासून काही फुटांवर कन्सोलला बसतो, थ्रीडी चित्र बघत बोटं हलवतो आणि यंत्राचे हात त्याच हालचाली करतात, हाताचा थरथराट वगळून. इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन भारी वाटतं. पण त्यात एका माणसाची जागा हलली आहे: शिकणाऱ्याची.

ओपन सर्जरीत सर्जनला दोन हात पुरत नाहीत. जखमेच्या कडा धरायला, रक्त ओढून घ्यायला, दोरा कापायला आणखी कुणीतरी लागतंच. तो रेसिडेंट. आज कडा धरणारा हात उद्या टाका घालतो, परवा चीर देतो. रोबोटवर मात्र कॅमेरा आणि तीन अवजारं सर्जन एकटाच चालवतो. टेबलाशेजारी मदतनीस असतो, पण मुख्य काम कन्सोलवर चालतं.

२००९ साली आलेल्या मॉडेलला शिकणाऱ्यासाठी दुसरा कन्सोल जोडता येऊ लागला. सीनिअर क्षणात कंट्रोल देतो आणि क्षणात परतही घेतो. मला वाटतं, गोम इथेच आहे. समोरच्याच्या हातातून सुरी काढून घेताना माणूस दोनदा विचार करतो. कंट्रोल काढून घेताना कशाला करेल?

मॅथ्यू बीन या संशोधकाने अमेरिकेतल्या टीचिंग हॉस्पिटलांमध्ये हे जवळून पाहिलं. २०१९ च्या त्याच्या निबंधानुसार बहुतेक रेसिडेंट रोबोटवर फारसं शिकतच नव्हते. जे थोडे तयार झाले, ते आडवाटेने: फार लवकर एकाच गोष्टीत घुसून, सिम्युलेटर आणि व्हिडिओंवर तासन् तास घालवून, देखरेख कमी असेल तिथे धडपडून. याला त्याने 'शॅडो लर्निंग' म्हटलं.

मागच्या वर्षी बाबांच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन रोबोटने झालं. आदल्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, "सर, तुम्ही स्वतःच करणार ना?" ते हसून "हो" म्हणाले. मागे उभी असलेली ज्युनिअर डॉक्टर फाइलमध्ये बघत राहिली. उद्या आईचं ऑपरेशन असलं तरी मी हेच विचारीन. पण प्रत्येक घर हेच विचारणार असेल, तर माझ्या साठीत कन्सोलला कोण बसणार?

आमच्या टीममध्येही तेच चाललंय. ज्या किरकोळ बगांवर आम्ही कोड वाचायला शिकलो, ते आता एआय दुपारच्या चहाआधी मिटवतं. मी त्यातले काही मुद्दाम ज्युनिअरसाठी ठेवते. त्याला तीन दिवस लागतात, मॅनेजर कुरकुरतो. पण माझा रिलीज फसला तर जुनं व्हर्जन परत लावता येतं. टेबलावरच्या माणसाचं तसं नाही. आणि पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही, हेही दोन्हीकडे तितकंच खरं.

मग मधला रस्ता ऑपरेशनचे तुकडे पाडण्यात आहे. प्रोस्टेटच्या ऑपरेशनमध्ये मूत्राशय मोकळं करणं तुलनेने सोपं, तर नसा वाचवणं फार नाजूक. सिम्युलेटरवर तयार झालेल्याला आधी सोपा टप्पा द्यायचा, सीनिअरने शेजारी बसून बघायचं, मग पुढचा. यात वेळ जातो, आणि थिएटरचा वेळ महाग असतो. तो खर्च हॉस्पिटलने शिकवण्याच्या खात्यात मांडायला हवा. आपल्यालाही विचारता येईल: "सर, तुमच्यासोबत कोण शिकतंय? त्यांना कुठला टप्पा देणार आणि तेव्हा तुम्ही कुठे असाल?"

या प्रश्नाचं नीट उत्तर देणाऱ्या सर्जनवर माझा जास्त विश्वास बसेल.